केसाएवढ्या चॅनलमधले जीव : वाचकांचे प्रश्न, प्रयोगशाळेतली उत्तरं

मागच्या अंकात मी मायक्रोफ्लुइडिक चिपबद्दल लिहिलं होतं. पारदर्शक रबराचा एक तुकडा, त्यात केसाएवढ्या रुंदीचे चॅनल, त्यांतून वाहणारं द्रव आणि त्या द्रवात ठेवलेल्या पेशी किंवा चिमुकले प्राणी, असा तो विषय. त्यावर बरीच पत्रं आली. कौतुकाची बाजूला ठेवते, त्यांना उत्तर काय द्यायचं! नेमके प्रश्न विचारणारी पाच इथे घेतली आहेत. मी मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत या चिपा बनवते. म्हणजे माझा निम्मा दिवस रबर ओतण्यात, कापण्यात, भोकं पाडण्यात आणि धुळीशी भांडण्यात जातो. उत्तरं त्याच अंगाने गेली तर चालवून घ्या.

ही चिप मोबाइलमधल्यासारखीच असते का? आणि ती जनावराच्या अंगात बसवतात का? आमच्या म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला मारलाय, त्यातही चिप आहे असं गावात म्हणतात. — एक पशुपालक, परभणी

दोन्हीही नाही. या चिपमध्ये वायर नाही, बॅटरी नाही, वीज वाहत नाही. वाहतं ते पाणी. नाव मात्र इलेक्ट्रॉनिक्सकडून आलंय, कारण बनवायची रीत तिकडची. सिलिकॉनच्या तबकडीवर प्रकाशाने नक्षी उठवायची आणि ती साचा म्हणून वापरायची. ती तबकडी एकदा झाली की पुन्हा पुन्हा रबर ओतून चिपा काढता येतात. 1990च्या दशकात हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने ही रबर ओतायची पद्धत इतकी सोपी करून ठेवली की जीवशास्त्राच्या प्रयोगशाळाही चिपा बनवू लागल्या.

ही चिप अंगात बसवत नाहीत. ती टेबलावर, सूक्ष्मदर्शकाखाली असते आणि जीव तिच्या आत जातो. तिचा एक नातेवाईक तुम्ही हाताळलाही असेल. घरी करायच्या गरोदरपणाच्या चाचणीतली पट्टी थेंब आपल्या आपण ओढून घेते आणि ठरल्या रेघेपर्यंत नेते, तेही सूक्ष्म प्रवाहाचंच काम. म्हशीच्या बिल्ल्याचं म्हणाल तर त्यावर बारा अंकी नंबर आणि बारकोड असतो. निश्चिंत राहा.

ताई, मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, झूलॉजी. आमच्या सरांनी सी. एलिगन्स नावाच्या सूत्रकृमीबद्दल शिकवलं. तो बशीत मजेत वाढतो, बशीतच औषध टाकून बघता येतं. मग त्याला चिपमध्ये घालायचा एवढा खटाटोप कशासाठी? — एक विद्यार्थिनी, लातूर

बशीत भागत असेल तर बशीच वापर. मी चिपा बनवणारी असूनही हेच सांगते. आमच्याकडे कोणी 'चिप करून द्या' म्हणत आलं की पहिला प्रश्न असतो, बशीत काय अडलं?

आता कुठे अडतं ते बघ. सी. एलिगन्स एक मिलिमीटर लांब, पूर्ण पारदर्शक. त्याच्या उभयलिंगी प्रौढाच्या शरीरात 959 कायिक पेशी आणि त्यांतले 302 चेतापेशी, सगळ्यांना नावं दिलेली. (तुमच्याकडे डाळिंबाच्या मुळांना गाठी आणणारे सूत्रकृमी वेगळे हं. हा बिचारा कुजक्या फळांवरचे जिवाणू खातो.) समजा तुला विचारायचंय, की याला वास आला त्या क्षणी वासाचा चेतापेशी काय करतो? बशीत वासाच्या रसायनाचा थेंब टाकलास. तो रेणू कृमीपर्यंत कधी पोहोचला? स्थिर पाण्यात लहान रेणूला नुसत्या विसरणाने 10 मायक्रोमीटर जायला दशांश सेकंद लागतो. 100 मायक्रोमीटरला दहा सेकंद, आणि एक सेंटिमीटरला दिवसाहून जास्त. अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. म्हणजे बशीत तुझ्या घड्याळाला काही अर्थच उरला नाही. शिवाय टाकलेला वास परत काढून घेणार कसा?

चिपमध्ये चॅनल इतका अरुंद असतो की पाणी खळाळूच शकत नाही. 100 मायक्रोमीटरचा चॅनल आणि सेकंदाला एक मिलिमीटर वेग धरला तर रेनॉल्ड्स अंक, म्हणजे द्रव खळाळेल की नाही हे सांगणारा आकडा, येतो 0.1. साध्या नळीत पाणी उसळायला तो दोन हजारांच्या वर जावा लागतो. त्यामुळे दोन वेगळी द्रवं एकाच चॅनलमध्ये सोडली तरी ती मिसळत नाहीत. शेजारशेजारच्या रुळांवरच्या दोन लोकलसारखी खेटून, आपापल्या वाटेने जातात. कडेच्या नळ्यांतला प्रवाह बदलून त्यांच्यातली सीमारेषा मात्र हवी तेव्हा इकडून तिकडे सरकवता येते.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात कोरी बार्गमन यांच्या प्रयोगशाळेने 2007 मध्ये नेमकं हे केलं. कृमी एका तंग चॅनलमध्ये अडकवला, फक्त नाक आडव्या चॅनलमध्ये बाहेर. नाकावरून कधी साधं द्रव जातंय, कधी वासाचं, आणि हा बदल सेकंदाच्या आत. चेतापेशीत कॅल्शियम वाढलं की चमकणारं प्रथिन आधीच घालून ठेवलेलं. एडब्ल्यूसी नावाच्या चेतापेशीत जे दिसलं ते मला अजून विलक्षण वाटतं. वास आला की तो शांत होतो, आणि वास काढून घेतला की पेटतो! अन्नाचा माग सुटला, आता वळ, असं सांगणारा पेशी तो. वास 'काढून घेणं' ही गोष्टच बशीत जमली नसती, म्हणून हे उत्तर बशीतून इतकं स्वच्छ निघालं नसतं.

दुसरी अडचण धरण्याची. कृमी सतत वळवळतो. त्याच्या एका पेशीचं चित्रीकरण करायचं तर तो स्थिर हवा, म्हणून पूर्वीपासून गुंगी देतात, लेव्हामिसोल किंवा सोडियम अझाइड. अझाइड पेशीतल्या मायटोकाँड्रियाचं ऊर्जा बनवणंच थांबवतं. पण तुझा प्रश्न 'चेतापेशीतली मालवाहतूक कशी चालते' हा असेल तर? वाहतुकीला इंधन लागतं आणि ते तूच बंद केलंस. मग मिळालेला आकडा कृमीचा की अझाइडचा?

यावर एक चांगला उपाय आपल्याच देशात झाला. संध्या कौशिका तेव्हा बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत होत्या, पुढे त्या मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरमध्ये आल्या. त्यांच्या गटाने 2011 मध्ये दुमजली चिपचं काम प्रसिद्ध केलं. खालच्या मजल्यावर कृमी, वरच्या मजल्यावर पाणी, मध्ये रबराचाच पातळ पडदा. वरच्या पाण्याला नायट्रोजनचा दाब दिला की पडदा खाली फुगतो आणि कृमीला काचेवर दाबून धरतो. दाब सोडला की कृमी मोकळा. गुंगी नाही, गोंद नाही. फळमाशीच्या अळीसाठी आणि झेब्राफिशच्या पिल्लांसाठीही त्यांनी अशा चिपा केल्या.

अशी चिप चालताना बघायला मिळाली तर सोडू नकोस. प्लॅटिनमच्या तारेच्या टोकाने एक कृमी उचलून इनलेटच्या, म्हणजे आत शिरायच्या भोकाच्या, थेंबात सोडायचा. सिरिंजने हलकं ओढलं की तो चॅनलमध्ये शिरतो, शेपटीकडून की डोक्याकडून हे मात्र त्याच्या मर्जीवर. पडद्याखाली आला की दाब हळूहळू वाढवायचा. एकदम दिला तर तो निसटतो किंवा आडवातिडवा चेपतो. घसा हलताना दिसतो, कडेने पसरलेला स्पर्शाचा चेतातंतू हिरव्या रेघेसारखा उजळतो, आणि त्या रेघेवरून ठिपके निघतात. ते म्हणजे चेतापेशीच्या टोकाकडे जाणारा माल, सेकंदाला साधारण एक मायक्रोमीटर. तंतू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लांब, म्हणजे न थांबता गेला तरी एका ठिपक्याला आठ-नऊ मिनिटं. पण ठिपके थांबतात, मागे फिरतात, एकाच जागी दोन-तीन अडकून बसतात. हे थांबणं-फिरणं खरं आहे की गुंगीचा परिणाम, हा वाद चिपने बराच मिटवला.

एक प्रयोग तुझ्या सरांनाही सांग. शिकागो विद्यापीठात एलेना लुचेटा, रुस्तम इस्मागिलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये फळमाशीचा अर्धा मिलिमीटरचा भ्रूण चिपमध्ये आडवा ठेवला आणि त्याच्या दोन अर्ध्या भागांवरून दोन वेगळ्या तापमानांचं पाणी सोडलं. एक बाजू उबदार, एक थंड. उबदार अर्ध्यातली केंद्रकं भराभर विभागत पुढे गेली, थंड अर्धा मागे राहिला. एकाच भ्रूणात दोन वेळा! तरी शरीराचे भाग ठरवणारे जनुकांचे पट्टे शेवटी जागच्या जागी उमटले. भ्रूण ही गडबड सावरतो कशी, हा प्रश्न विचारण्यासाठीसुद्धा आधी अशी गडबड करता यायला हवी होती.

मॅडम, आमच्या लॅबमध्ये मायक्रोफ्लुइडिक्स पहिल्यांदाच सुरू केलंय. मास्टर बाहेरून करून आणला, पीडीएमएस आम्हीच ओततो. चॅनलमध्ये हुवेक पेशी टाकतो. पहिल्या दिवशी झकास चिकटतात, दुसऱ्या दिवशी कुठूनतरी बुडबुडा येतो, तिसऱ्या दिवशी सगळ्या मेलेल्या. गाइड म्हणतात पेशींचा स्टॉक खराब आहे. — एक पीएच.डी. विद्यार्थी, नागपूर

इतर वाचकांसाठी दोन ओळी. पीडीएमएस म्हणजे ते पारदर्शक सिलिकॉन रबर, हुवेक म्हणजे नाळेच्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी. मास्टर म्हणजे वर सांगितलेली साच्याची तबकडी, आणि मीडियम म्हणजे पेशींना वाढवायचं पोषक द्रव.

स्टॉकचा निकाल आजच लाव. त्याच व्हायलमधल्या पेशी साध्या फ्लास्कमध्ये टाक. तिथे तिसऱ्या दिवशीही टुणटुणीत असतील तर गाइडना फ्लास्क दाखव, फार बोलू नकोस. माझा संशय चिपवर आहे.

तुझ्या चॅनलची मापं तू लिहिली नाहीस. समज एक मिलिमीटर रुंद, 100 मायक्रोमीटर उंच, एक सेंटिमीटर लांब. आत मावतं किती? एक मायक्रोलिटर. 96 खणांच्या प्लेटमध्ये एका खणात आपण शंभर-दोनशे मायक्रोलिटर ओततो. तेव्हा प्लेटची सवय इथे आणलीस की पेशी उपाशी मरतात, किंवा स्वतःच्याच मळात. आणि पीडीएमएसमधून वाफ सहज निघून जाते, तुझा इन्क्युबेटर दमट असला तरी थोडी जातेच. एका मायक्रोलिटरमधला पाव मायक्रोलिटर उडाला की क्षार मागे राहतात आणि मीडियम तिथल्या तिथे तिसऱ्या हिश्शाने तीव्र होतं. प्लेटमध्ये पाव मायक्रोलिटरची कोणी दखलही घेत नाही. तर चिप मोठ्या पेट्री डिशमध्ये ठेव, कडेने निर्जंतुक पाण्यात भिजवलेले टिश्यू ठेव आणि झाकण लाव. तयार चिप वापरण्याआधी पाण्यात तासभर बुडवून ठेवणंही चांगलं. इनलेट आणि आउटलेटला 200 मायक्रोलिटरच्या पिपेटची टिप कापून खोच आणि त्यात मीडियम भरून ठेव. एका बाजूची पातळी थोडी वर ठेवलीस की पंपाशिवाय मंद प्रवाह चालू राहतो. पातळ्या सकाळ-संध्याकाळ सारख्या कर.

आता बुडबुडा. तो हमखास फ्रिजमधून येतो. थंड मीडियममध्ये हवा जास्त विरघळलेली असते. ते सरळ चिपमध्ये घातलंस की 37 अंशांवर ती हवा सुटते आणि चॅनलच्या कोपऱ्यात जमते. मीडियम आधी इन्क्युबेटरमध्ये, झाकण सैल ठेवून, चांगलं गरम होऊ दे. दुसरी जागा म्हणजे नळी खोचतानाचा क्षण. नळीच्या टोकाला थेंब लोंबत असला पाहिजे आणि इनलेटवरही थेंब फुगलेला. थेंबाला थेंब भेटला की मगच खोच. आणि प्लाझ्मातून (विजेने भारलेल्या वायूच्या यंत्रातून) बाहेर काढून चिप काचेला चिकटवलीस की लगेच भर. पीडीएमएस मुळात पाण्याला दूर सारतं. प्लाझ्माने काही काळ पाणी धरतं, मग पुन्हा मूळ स्वभावावर येतं. उशीर झालाच तर आधी इथेनॉलने भर, मग पाण्याने, मग बफरने. बुडबुडा पेशींवरून नुसता गेला तरी हवा आणि द्रवाची सीमा पेशी खरवडून नेते. तुझ्या तिसऱ्या दिवसाच्या मढ्यांमधली काही बहुधा दुसऱ्या दिवशीच्या बुडबुड्याची असावीत.

प्रवाहाचा ताणही मोजून बघ, अंदाजाने नको. सूत्र सोपं आहे. सहा गुणिले द्रवाची चिकटता गुणिले प्रवाह, भागिले रुंदी आणि उंचीचा वर्ग. वरच्या मापात मिनिटाला एक मायक्रोलिटर सोडलंस तर ताण 0.01 पास्कलच्या आसपास. हुवेक रक्ताच्या धारेत जन्माला आलेल्या, त्या यापेक्षा शंभरपट ताणही सोसतात. पण लक्षात घे, उंची वर्गात आहे. पुढच्या मास्टरमध्ये उंची निम्मी केलीस तर त्याच प्रवाहाला ताण चौपट. चेतापेशी असत्या तर मी तुला प्रवाहच जवळजवळ बंद करायला सांगितलं असतं. त्यांच्यासाठी अर्व्हाइनच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात 2005 मध्ये केलेली दोन खोल्यांची चिप आहे. एका खोलीत पेशींची शरीरं, आणि मधल्या तीन मायक्रोमीटर उंचीच्या खाचांतून फक्त तंतू पलीकडच्या खोलीत.

एवढं करूनही मेल्या तर पीडीएमएसकडे बघ. दहाला एक हे प्रमाण वजनाने घेतोस ना? चमच्याने भागवणारे मी पाहिलेत. अर्धवट जमलेल्या रबरातून लहान साखळ्या सुटत राहतात आणि पेशींवर जाऊन बसतात. ओव्हनमध्ये जास्त वेळ ठेव. आणि पुढेमागे औषध देणार असशील तर हे आत्ताच वहीत लिहून ठेव. पीडीएमएस तेलकट स्वभावाचे लहान रेणू शोषून घेतं. मायकेल टोपके आणि डेव्हिड बीब यांनी 2006 मध्ये हे रंगद्रव्य वापरून दाखवलं, पुढे त्याच विस्कॉन्सिनच्या प्रयोगशाळेने इस्ट्रोजेनच्या बाबतीतही. तू इनलेटला दहा मायक्रोमोलर ओतशील आणि पेशींना मिळतील दोन, आणि तू लिहिशील 'औषधाचा परिणाम नाही'. औषधाची मात्रा आउटलेटला मोजायची. परीक्षक हा प्रश्न विचारतातच, आणि विचारला नाही तर त्यांनी विचारायला हवा होता.

मास्टर दरवेळी बाहेरून विकत घेत असशील तर आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या आयआयएससीमधल्या नॅनोइलेक्ट्रॉनिक्स सुविधा बाहेरच्या संशोधकांना आयएनयूपी या सरकारी योजनेतून वापरता येतात. अर्ज कर. तिथे स्वतः हाताने वेफर फिरवलास की उंची का चुकते ते कळतं.

मी निवृत्त शिक्षक. आयुष्यभर मुलांना भूतदया शिकवली. आपल्या लेखात अवयवांच्या चिपबद्दल होतं. म्हणजे आता सशा-उंदरांवरचे प्रयोग बंद होणार, असं समजू का? — एक वाचक, सांगली

गुरुजी, 'होय' लिहून टाकावं असा मोह होतो, पण आपल्याला अर्धं उत्तर देणं बरं नव्हे.

चांगली बाजू मोठी आहे. 2010 मध्ये हार्वर्डच्या 'वीस' (Wyss) नावाच्या संस्थेत डाँगन हू आणि डोनाल्ड इंगबर यांनी फुप्फुसाची चिप दाखवली. सच्छिद्र पडद्याच्या एका बाजूला माणसाच्या फुप्फुसाच्या पेशी आणि हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहतं द्रव, आणि कडेच्या दोन पोकळ्यांत निर्वात ओढून तो पडदा श्वासाच्या लयीत ताणायचा. ताण चालू असताना अतिसूक्ष्म कण जास्त आत शिरतात, हे तिथे दिसलं. ताण बंद असलेल्या बशीत ते दिसलं नसतं. 2022 मध्ये 27 औषधं घेऊन 870 यकृत-चिपांवर चाचणी झाली. माणसाच्या यकृताला घातक ठरलेल्या औषधांपैकी 87 टक्के चिपने ओळखली आणि निर्धोक औषधाला एकदाही घातक म्हटलं नाही. यांतली घातक औषधं प्राण्यांवरच्या चाचण्या पार करूनच माणसापर्यंत आली होती, हे विशेष. अर्थात हा अभ्यास त्या चिपा बनवणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी केलेला, तेव्हा मी तो वाचते पण मीठ थोडं जवळ ठेवते. कायदेही हलले आहेत. अमेरिकेने डिसेंबर 2022 मध्ये नव्या औषधासाठी प्राण्यांवरची चाचणी कायद्याने सक्तीची असण्याची अट काढली, आणि भारतानेही 2023 मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशी, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले चिमुकले अवयव) आणि अवयव-चिपांवरच्या पुराव्याला जागा दिली.

आता दुसरी बाजू. यकृताची चिप यकृताबद्दल बोलते. गर्भावर काय होईल, वागणूक बदलेल का, आतड्यातले जिवाणू त्या औषधाचं काय करतील, महिन्याभराने मूत्रपिंडात काय साठेल, हे एका चिपला विचारता येत नाही. दोन-तीन अवयव जोडलेल्या चिपा आहेत, पण शरीर म्हणजे तेवढंच नाही. आणि आपल्यासारख्या माणसाला हेही सांगायला हवं, की बहुतेक चिपांतल्या पेशींना जे द्रव पाजतात त्यात वासराच्या गर्भाच्या रक्ताचा सीरम असतो. पेशींखाली पसरायचं एक नेहमीचं जेल उंदराच्या गाठीतून काढलेलं असतं. सीरमविरहित द्रवं आता मिळतात, महाग पडतात, आणि प्रत्येक जातीच्या पेशीला मानवत नाहीत. 'प्राण्याविना' असं पाकिटावर लिहिलेलं वाचलं की मी आतली यादी वाचते.

आपल्या भूतदयेच्या खात्यात मात्र एक गोष्ट जमा करा, जिच्याबद्दल वर्तमानपत्रांत काही येत नाही. उंदराच्या अंगात सगळं मिळून जेमतेम दोन मिलिलिटर रक्त. औषध दिल्यावर ते रक्तात तासातासाने किती उरतं हे मोजायचं, तर पूर्वीच्या चाचण्यांना इतकं रक्त लागायचं की प्रत्येक वेळेसाठी वेगळा उंदीर, आणि तो संपला. आता काही मायक्रोलिटरमध्ये मोजणी होते, म्हणून शेपटीच्या एका टोचणीवर काम भागतं आणि तोच उंदीर पुढच्या तासालाही चालतो. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी 1959 मध्ये प्राणी-प्रयोगांसाठी तीन गोष्टी मागितल्या होत्या. पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा. पहिल्याबद्दल भाषणं होतात. आमच्या चिपांनी आजवर जास्त काम दुसऱ्या-तिसऱ्यावर केलंय, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि सूत्रकृमीला दुखतं का, हे आपण विचारलं नाहीत, पण मनात असेलच. त्याला घातक गोष्ट जाणवणारे चेतापेशी आहेत. अतिखारट द्रव नाकाला लागलं की तो मागे सरतो. याला दुःख म्हणावं का, हे ठरवायला माझ्याकडे उपकरण नाही. मी दाब हळू वाढवते आणि काम झालं की सोडते.

आमच्या कॉलेजात क्लीनरूम नाही, प्लाझ्मा नाही, बजेट तर नाहीच. मुलांना मायक्रोफ्लुइडिक्स दाखवायचं कसं? — एक प्राध्यापिका, रत्नागिरी

तुमच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे आणि पावसाळ्यात शेवाळ आहे. पुरे झालं.

स्लाइडवर पातळ डबल साइड टेपच्या दोन पट्ट्या समांतर लावा, मध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा सोडा, वर कव्हरस्लिप दाबा. झाला शंभर मायक्रोमीटरच्या आसपास उंचीचा चॅनल. एका तोंडाशी ड्रॉपरने द्रव सोडा, दुसऱ्या तोंडाला टिश्यू पेपरचा कोपरा टेकवा. पेपर ओढत राहतो, तुम्ही सोडत राहा. भिंतीवरचं ओलं शेवाळ पाण्यात पिळून घेतलंत तर त्यात रोटिफर मिळतात, चक्रासारखे केस फिरवणारे. ते मापाने या चॅनलमध्ये बरोबर बसतात आणि छताला-तळाला लागून बऱ्यापैकी एका जागी राहतात. आता साध्या पाण्याच्या जागी किंचित मिठाचं पाणी सोडा, मुलांना चक्र थांबायला लागलेला वेळ मोजू द्या, मग पुन्हा साधं पाणी. परिस्थिती बदलणं आणि परत आणणं, तेही जीव जागचा न हलवता, हा धडा एवढ्यात होतो.

प्रवाह न मिसळण्याचं दृश्य दाखवायचं असेल तर टेपमध्ये इंग्रजी वाय आकाराची खाच कापा. कात्री नको, नवं ब्लेड घ्या, नाहीतर कडा दातेरी येतात. ही टेप स्लाइडवर लावा. वर कव्हरस्लिपऐवजी ओएचपी शीटचा तुकडा, त्यात वायच्या तिन्ही टोकांवर येतील अशी पंचने पाडलेली भोकं. दोन भोकांवर दोन रंगांचे थेंब ठेवा आणि तिसऱ्या भोकातून सिरिंजने अगदी सावकाश ओढा. ढकलू नका. ढकलायला दोन सिरिंज लागतात आणि दोन हात कधी सारखे चालत नाहीत, ओढलं की दोन्ही बाजूंनी बऱ्यापैकी सारखं येतं. चॅनल दोन मिलिमीटर रुंद असेल तर रंग पूर्ण मिसळायला पंधरा मिनिटांहून जास्त लागतील, म्हणजे मधली रेघ वर्गातल्या सगळ्यांना निवांत बघता येईल. ओढणं थांबवा आणि रेघ कशी पसरत जाते तेही बघा. मोबाइलचा कॅमेरा पुरतो.

साचा करायचाच असेल तर कॅलिफोर्नियात मिशेल खाइन यांनी 2008 मध्ये केलेली युक्ती वापरा. मुलांच्या खेळण्यातली, गरम केल्यावर आकसणारी प्लास्टिक शीट घ्यायची, लेझर प्रिंटरवर तिच्यावर चॅनलची नक्षी छापायची आणि ओव्हनमध्ये ठेवायची. शीट आकसते तसा छापलेल्या शाईचा थर उंच होतो, आणि त्यावर पीडीएमएस ओतता येतं. शीट ऑनलाइन मिळते, प्रिंटर ऑफिसचा वापरा, पण आधी क्लार्कला विचारा. काही शीट प्रिंटरच्या आतल्या उष्णतेनेच आकसतात आणि रोलरला चिकटतात.

रंगासाठी हळदीचं पाणी नको, त्यातले कण खाचेत अडकतात. खाण्याचा रंग घ्या आणि तोही गाळून. निळा आणि पिवळा घेतलात तर मधली हिरवी पट्टी मुलांनाच मोजायला सांगा, इनलेटजवळ एकदा आणि आउटलेटजवळ एकदा.